डाव्या स्टिअरिंगचे अण्णा

दर रविवारी सकाळी साडेपाचला आमच्या गल्लीत आजारी रेड्यानं ओरडावं तसा एक हॉर्न वाजायचा. नवा भाडेकरू दचकून उठून बसायचा, जुना माणूस कूस बदलायचा, आणि मी निमूटपणे चपला शोधायला लागायचो. कारण तो हॉर्न माझ्यासाठी असे. बाहेर ट्रकमध्ये मल्लप्पा बिराजदार, म्हणजे आमचे अण्णा, इंजिन चालू ठेवून बसलेले असत. मी दिसलो की म्हणत, "या मास्तर. हात आणलाय न्हवं?"

माझ्या हाताशी त्यांचं काय काम, ते आधी सांगितलं पाहिजे.

अण्णांचा ट्रक लढाईतला. गोऱ्या सोल्जरांनी वापरून टाकलेला आणि अण्णांनी लष्कराच्या लिलावात घेतलेला. मागच्या चाकांबरोबर पुढची चाकंही ओढणारा, त्यामुळे चिखल असो की नाला, कुठंही घुसायचा. पण गाडी अमेरिकन, म्हणून स्टिअरिंग डावीकडे. तिला इंडिकेटर वगैरे लाड नव्हते. वळायचं तर ड्रायव्हरनं खिडकीतून उजवा हात बाहेर काढायचा. आता डावीकडे बसलेला माणूस उजवा हात काढणार कुठून? म्हणून अण्णांच्या उजव्या बाजूला कायम एक माणूस लागे. त्यानं वळणावर हात काढायचा, आणि पुढची गाडी ओलांडायची असली की समोरून काही येतंय का ते सांगायचं. डावीकडून अण्णांना पुढच्या गाडीच्या पाठीशिवाय काही दिसत नसे. थोडक्यात, दोघांचाही जीव उजवीकडच्या माणसाच्या जिभेवर! ट्रकच्या मागं अण्णांनी पांढऱ्या रंगात लिहून ठेवलं होतं, 'डावं स्टिअरिंग. सावध.' ते मागच्यांसाठी होतं, पण खरा सावध असायचो तो मी.

पगारी क्लीनर त्यांनी दोन-तीन ठेवून पाहिले. एकही टिकला नाही. "पगार घेणारा डुलक्या मारतोय," अण्णा सांगत, "फुकाट आलेला जीव मुठीत धरून जागा ऱ्हातोय." म्हणून त्यांनी गल्लीतल्या सुट्ट्यांचं वेळापत्रकच बसवलं होतं. सोमवारी सलून बंद, म्हणून सोमवारी नागनाथ सलूनवाला. शुक्रवारी गॅरेज बंद, म्हणून शुक्रवारी लतीफ मिस्त्री. रविवारी शाळा बंद, म्हणून मी. चादरींचे गठ्ठे मालधक्क्यावर पोचवायचे असोत की मंगळवेढ्याहून ज्वारी आणायची असो, सोलापूरच्या व्यापाऱ्यांना माल आमच्या सुट्टीप्रमाणे मिळे.

हात काढण्याचं शिक्षण अण्णांनी मला त्यांच्या दारात, लोखंडी खुर्चीवर बसवून दिलं. उजवीकडे वळताना हात सरळ. डावीकडे वळताना हाताचा गोल. हळू व्हायचं तर पंजा खालीवर. सगळं पाठ झालं आणि पहिल्याच दिवशी आम्ही सात रस्त्यावर आलो. "अण्णा, इथं कुठला हात?" मी ओरडलो. "सात रस्ते हायत, हात एकच हाय," अण्णा शांतपणे म्हणाले, "देवाचं नाव घ्या आन् हलवत ऱ्हावा." पुढं पुढं ही सवय इतकी अंगात भिनली, की बायकोबरोबर मंडईत चालत जाताना मी भाजीच्या गल्लीकडे वळण्याआधी हात आडवा करायला लागलो. एका सायकलवाल्याच्या टोपीला तो लागला, तेव्हापासून बायको माझ्या उजवीकडून चालत नाही.

उंच अंग, पांढऱ्या मिशा, कपाळावर विभूती आणि खाली खाकी अर्धी विजार, असे अण्णा ट्रकभोवती फिरताना बघण्यासारखे असत. ट्रकमध्ये काहीही बदलायचं नाही, हा त्यांचा बाणा. कुणी म्हणालं हॉर्न बदला, कुणी म्हणालं मागं लाकडी बॉडी चढवून फुलं-मोर रंगवून घ्या, तर अण्णांचं उत्तर ठरलेलं, "मंग कंपनीला अक्कल न्हवती व्हय?" पेट्रोलचा काटा अनेक वर्षं हलला नव्हता. तो बदलायचा नाही. "काटा कंपनीचा हाय. दमलाय. झोपू द्या." आणि टाकीत वेळूची काठी बुडवून ते पेट्रोल मोजत. बॉनेटला एक पोचा होता, तोही ठोकून सरळ करू देत नसत. मी एकदा विचारलं, "अण्णा, हा पोचासुद्धा कंपनीचाच का?" ते म्हणाले, "पोचा लढाईचा. कंपनीपेक्षा मोटा." ट्रकचा लष्करी हिरवा रंग ते स्वतः कालवत आणि तो दरवेळी उरे. त्यामुळे आमच्या गल्लीतले सगळे नळ, तीन पाळणे आणि मारुतीच्या देवळाचं फाटक त्याच रंगाचं होतं.

या बाण्याचा खरा शत्रू म्हणजे लतीफ मिस्त्री. एक यंत्र उघडून त्यात दुसऱ्याचं काळीज बसवल्याशिवाय लतीफला अन्न गोड लागत नसे. "अण्णा, हुकूम करो, डिझेल इंजिन डाल देतूं," तो शुक्रवारी ट्रकमध्ये चढता चढता म्हणे, "ये पेट्रोल पी पीके तुमकू खा जायेगी." अण्णा म्हणत, "लतीफ, तू हात बाहीर काढ आन् तोंड आत घे." पेट्रोल भडकलं तेव्हा सगळी गल्ली लतीफच्या बाजूनं झाली, तरी अण्णा हलले नाहीत.

एकदा मंगळवेढ्याच्या अलीकडे, आदल्या दिवशीच्या पावसानं भिजलेल्या काळ्या रानात वऱ्हाडाचा ट्रक रुतून बसला होता. ती माती भिजली की चाकाला काकवीसारखी चिकटते. नवरदेव मुंडावळ्या बांधून टपावर बसलेला आणि मुहूर्त डोक्यावर आलेला. अण्णांनी साखळदंड अडकवला, पुढची चाकं जोडणारा छोटा दांडा सारला आणि वऱ्हाड अलगद उपसून रस्त्यावर ठेवलं. तेवढ्यात वऱ्हाडातला एक म्हातारा कौतुकानं म्हणाला, "पावनं, ह्येला डिझेल इंजिन बसवा की. लई ताकद यील." झालं! अण्णा साखळी सोडायचे थांबले. "मंग आत्ता तुमाला वडलं ते काय हुतं, बैल हुतं?" त्यांनी त्या सगळ्या वऱ्हाडाला पाव तास कंपनीची अक्कल समजावून सांगितली. शेवटी नवरदेवाच्या बापानं हात जोडले, तेव्हा साखळी सुटली.

अण्णा असे बोलत ते फक्त ट्रकमध्ये किंवा ट्रकबद्दल. एरवी गल्लीत ते रामराम-नमस्कारापलीकडे जात नसत. दाराशी आलेल्याला दारातूनच वाटेला लावत. त्यांचं घर आतून कसं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण एकदा गाडी गावाबाहेर पडली की त्यांच्या तोंडाला खळ नसे. ब्रह्मदेशातला रस्ता, तिथला पाऊस, पंजाबी हवालदार, सगळं निघे. बायको लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी तापानं गेली, तेव्हा हे फौजेत होते आणि तार पोचली ती महिन्यानं, हेसुद्धा त्यांनी मला मंगळवेढ्याच्या वाटेवर, कामतीजवळ, गिअर बदलता बदलता सांगितलं. तेवढ्यात वळण आलं, मी हात काढला.

तुळशीच्या लग्नानंतर अक्कलकोटकडच्या त्यांच्या गावी पुतण्याचं लग्न निघालं. मुक्काम आठ दिवसांचा. एवढी रजा टाकून उजवीकडे कोण बसणार? नागनाथ म्हणाला, धंद्याचे दिवस आहेत. लतीफकडे दोन इंजिनं उघडी पडली होती. मी म्हणालो, परीक्षा आहे. अण्णा "बरं" म्हणाले आणि पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेऊन एसटीनं गेले. दारात ट्रक असलेला माणूस एसटीच्या रांगेत उभा राहिला, याचं सगळ्या गल्लीला वाईट वाटलं. दुष्काळाच्या साली याच माणसानं याच ट्रकमधून आम्हाला पिंपंच्या पिंपं पाणी आणून दिलं होतं. मला तर जास्तच वाईट वाटलं, कारण परीक्षा पुढच्या महिन्यात होती.

त्याच दिवशी मी लतीफच्या गॅरेजात गेलो. त्याच्याकडे तसलाच एक मोडका ट्रक पडून होता, कुणीतरी पूर्वीच स्टिअरिंग उजवीकडे करून घेतलेला.

"त्याचं काढून अण्णांच्या ट्रकला बसेल का?"

लतीफ माझ्याकडे बघतच राहिला. "मास्तर, दस साल से येच सपना देकतूं मैं. मगर अण्णा?"

"अण्णा खूश होतील," मी ठोकून दिलं. खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांपुढं अण्णांच्या खुशीपेक्षा माझे रविवार होते.

आठ जणांनी ट्रक ढकलत गॅरेजात नेला. लतीफनं आठवडाभर दुसरं काम घेतलं नाही. अण्णा गावाहून परतले तेव्हा ट्रक दारात होता. बॉनेटला झेंडूचा हार, स्टिअरिंग उजवीकडे, आणि गल्ली पेढे घेऊन उभी. अण्णांनी ट्रंक खाली ठेवली. ट्रकला एक पूर्ण फेरी घातली. उजवीकडचं दार उघडून चाकावर हात ठेवला. आता कंपनीच्या अकलेचा तोफखाना सुटणार म्हणून लतीफ माझ्या मागं सरकला.

"बरं केलंत," अण्णा म्हणाले. "लई सोय झाली."

पेढा खाल्ला, लतीफचा हात हातात घेऊन दाबला आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मागची पांढरी अक्षरं स्वतःच खरवडून काढली.

पुढच्या रविवारी मी साडेपाचला जागा झालो. सवय! ट्रक सुरू झाल्याचं ऐकलं. हॉर्न न वाजवता तो गल्लीतून निघून गेला. मी पांघरूण ओढून घेतलं, पण झोप आली नाही. तीन आठवडे असे गेले. चौथ्या आठवड्यात बायको म्हणाली, "अहो, अण्णांचा ट्रक सोमवारपासून हललेला नाही. बघून तरी या."

मी गेलो. अण्णा बॉनेट पुसत होते.

"बिघडलाय का?"

"छ्या. लोण्यावानी चालतोय. लतीफचा हात लई चांगला."

"मग कुठं जात का नाही?"

अण्णा फडकं पिळत राहिले. "तीन रविवार एकटा मंगळवेढ्याला जाऊन आलो. जाता-येता एक शबुद न्हाय. मंग नागनाथाकडं दाढीला गेलो, त्यानं काय तरी इचारलं, तर आवाजच फुटंना माजा. म्हणलं घसा धरला. घसा कशानं धरतोय?"

"मग मला हाक मारायची!"

"कशाला?"

"सोबतीला."

"आदी मला माणूस लागायचा, म्हणून हॉर्न वाजवायचो. अडलेल्यानं बोलवलं तर कोण न्हाय म्हणत न्हाय. आता माजं अडलंय कुटं? काम नसताना कुणाच्या दारात जाऊन काय सांगू, मास्तर? करमत न्हाय म्हणून सांगू?"

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं मी समजत होतो, की मी या म्हाताऱ्यासाठी माझा रविवार मोडतो. त्याच्याकडे माणसाशेजारी बसायला तेवढं एकच निमित्त होतं, आणि ते आम्ही हार घालून, पेढे वाटून काढून घेतलं होतं.

"लतीफला सांगतो," मी म्हणालो. "स्टिअरिंग परत डावीकडं घेऊ."

"बिलकुल न्हाय." अण्णांनी फडकं झटकलं. "तुमी समद्यांनी मायेनं केलंय. आता त्ये बी कंपनीचंच समजायचं. हात लावायचा न्हाय कुणी."

रविवारी सकाळी साडेपाचला मी अण्णांची कडी वाजवली. दार धाडकन उघडलं.

"काय झालं? कोण आजारी हाय?"

"कुणी नाही."

"मंग काय काम काढलं?"

"काम नाही. सहज आलो."

अण्णा उंबऱ्यातच उभे राहिले. काम नसलेल्या माणसाचं काय करायचं असतं, हे त्यांना सुचेना. मग बाजूला सरकून म्हणाले, "या की आत." मी पहिल्यांदाच त्या घरात पाऊल टाकलं. एक खाट, एक स्टोव्ह, खिळ्याला दोन खाकी विजारी. त्यांनी स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं आणि कपाळावर हात मारला.

"दूध न्हाय. मी कोराच पितोय."

"मलाही कोरा चालेल."

"छ्या! पाव्हण्याला कोरा? चला, घेऊन येऊ."

दुधाचं दुकान गल्लीच्या कोपऱ्यावर. चालत गेलं तर पानाची पिंक टाकण्याइतका वेळ लागतो. अण्णांनी स्टोव्ह बंद केला, किटली माझ्या हातात दिली आणि ट्रक सुरू केला. पावशेर दुधासाठी आम्ही दोघं चारी चाकं ओढणारा लढाईतला ट्रक घेऊन निघालो. मी आता डावीकडे होतो. हातांना काही उद्योग नव्हता, म्हणून किटली मांडीवर धरून बसलो.

"मास्तर," अण्णा म्हणाले. आवाज जरा घोगरा होता, खाकरून त्यांनी मोकळा केला. "ब्रह्मदेशात एकदा काय झालं..."

ही गोष्ट मी चार वेळा ऐकली होती. "काय झालं?" मी विचारलं.

ते सांगू लागले. दुधाचं दुकान आलं. दुकानदार माप हातात घेऊन आमच्याकडे बघत उभा होता. मग दुकान मागं पडलं, सात रस्ता गेला, मंगळवेढ्याचा रस्ता लागला. अण्णा सांगत होते. किटली माझ्या मांडीवर रिकामीच होती, आणि मी तिच्याबद्दल काहीही बोललो नाही.