धूर बघणारे दत्तूमामा

आमच्या शेजारचे दत्तूमामा कुणाच्या घरी गेले की "बरं हाय का?" असं विचारत नाहीत. "धूर कुठनं जातोय?" असं विचारतात. घरात गॅस असला तरी विचारतात.

मामा फौंड्रीतून रिटायर झाले आणि त्यांना जुन्या शेगड्यांचा नाद लागला. कोळशाच्या, लाकडाच्या, भुशाच्या, सगळ्या. आता त्यांच्या पुढच्या सोप्यात बसायला जागा नाही. पावणे आले की शेगडीवर पाट टाकून बसवतात आणि सांगतात, "जपून बसा, बिडाची हाय, पडली तर फुटंल." पावण्याला लागेल याची काळजी नाही. भंगारवाला गल्लीत येतो आणि मामांच्या दारात गाडा रिकामा करून जातो.

पुतण्यासाठी मुलगी बघायला कबनूरला गेले होते. पोहे आले, मुलगी आली, पण मामा नाहीत. शोधलं तर घरामागच्या परड्यात, कोपरापर्यंत काळे. बाहेर येऊन म्हणाले, "आमाला देणंघेणं काय नको. तेवढी मागची शेगडी द्या." मुलीची आजी उठून उभी राहिली. "पोरगी न्या. शेगडी न्हाय मिळणार!" लग्न झालं. मामा अजून त्या आजीशी बोलत नाहीत.

मामांची दुरुस्ती अशी. गंज घासायचा, फुटकी जाळी नवी ओतून आणायची, मग परड्यात पेटवून वर दांडीला आपली पांढरी टोपी अडकवायची. टोपी पिवळी पडली की शेगडी नापास. मामांच्या सगळ्या टोप्या आता चहाच्या रंगाच्या आहेत. टोपीनंतर परीक्षा माझी.

"सुमन, भाकरी टाक. डोळ्यात पाणी आलं?"

"नाही."

"खरं सांग की!"

"थोडं."

"नापास! उचला हिला."

मला बोलावतात, कारण शांतामामींना दमा आहे. चुलीजवळ बसायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मामींना गॅसवरची भाकरी गोड लागत नाही. अर्धी खातात, ताट सारतात. दोन वर्षांत हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मामींनी निवांत बसून भाकरी करावी, अशी बिनधुराची शेगडी मामांना हवी होती. गेल्या वर्षापर्यंत चौदा नापास झाल्या होत्या.

एकदा भाकरी टाकताना मी धीर करून विचारलं, "मामा, एवढा जीव का काढताय?"

मामा जाळी घासत राहिले. मग म्हणाले, "फौंड्रीत भट्टीला धुराडं मी बसवायचो. आन घरची चूल बांधली, तिला धुराला वाटच ठेवली न्हाय. ही खोकायची. मी वरडायचो, आधी भाकरी आण, मग खोक."

तव्यावरची भाकरी करपली.

यंदा कुरुंदवाडहून एक लाकडाची शेगडी आणली. तिला झाकण बसवलं, भिंतीतून पत्र्याचं नळकांडं बाहेर काढलं. टोपी पांढरी राहिली. माझे डोळे कोरडे राहिले. तरी मामांचा विश्वास बसेना. डॉक्टरांनाच स्कूटरवर बसवून आणलं आणि पेटलेल्या शेगडीसमोर पाटावर बसवलं. डॉक्टर घामाघूम झाले. "दार उघडं ठेवा. एकदोन भाकरी करू दे," म्हणाले.

मामी बसल्या. हाताला चुलीची सवय राहिली नव्हती, पहिली भाकरी फाटली. दुसरी टम्म फुगली. मामांचं भाकरीकडं लक्षच नव्हतं. ते मामींच्या पाठीमागं वाकून श्वास ऐकत होते.

"सरका की, अंगावर काय पडताय," मामी म्हणाल्या. खोकला आला नाही.

मामींनी ताट वाढून मामांच्या पुढं ठेवलं. मामांनी ते उचलून मामींच्याच पुढं ठेवलं.

"अवो, तुमी खावा आधी."

"खा म्हणतोय न्हवं."

लग्नापासून मामी कधी नवऱ्याआधी जेवल्या नव्हत्या. भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी परत ताटात ठेवला. मामा समोर उकिडवे बसून म्हणाले, "गार हुतीया की गं."

मग मामींनी घास घेतला.