टिंकू आता कुणाला मत देईल?

गेल्या सोमवारी सकाळी सव्वासात वाजता लक्ष्मम्मांना आमच्या इमारतीच्या लिफ्टमधून बाहेर काढण्यात आलं. त्या नवव्या मजल्यावर स्वयंपाकाला निघाल्या होत्या. वॉचमननं नोटीस दाखवली: घरकामाच्या बायकांनी मागची, सामानाची लिफ्ट वापरावी. सामानाची लिफ्ट बंद होती. साठीची बाई दुखरे गुडघे घेऊन नऊ मजले चढली.

दार उघडलं श्यामअण्णांनी. त्यांनी लक्ष्मम्मांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि गरजले, "टिंकूनं हे चालवून घेतलं नसतं!"

टिंकू म्हणजे जुन्या टीव्हीवर दर रविवारी लागणाऱ्या एका विनोदी मालिकेतला दहा वर्षांचा वात्रट पोरगा. मालिका केव्हाच संपली. अण्णांनी टिंकूला मात्र थांबू दिलं नाही. त्यांच्या हिशेबी तो आज पन्नाशीकडं आलाय, आणि त्याचं राजकारण अण्णांना तोंडपाठ आहे.

अण्णा शहराच्या जुन्या भागातले, बसवनगुडीतले मराठी. घरात मराठी, बाजारात कन्नड, रागात दोन्ही. जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. मुलानं शहराच्या नव्या टोकाला, बेळ्ळंदूरला, हा फ्लॅट घेतला आणि तो परदेशी गेला, म्हणून अण्णा इथं एकटे राहायला आले.

अण्णांच्या मते टिंकू कॉलेजात असताना क्रांतिकारक होता. नोकरी लागल्यावर त्याला शिस्त आवडायला लागली. "एकदा रिंग रोडवर दोन तास अडकला," अण्णा सांगतात, "तेव्हा थेट हुकूमशाहीच्या बाजूनं गेला. सिग्नल सुटला, परत लोकशाहीत आला." चौथ्या मजल्यावरच्या बाईंना टिंकू हा अण्णांचा पुतण्या वाटला. भाचीसाठी त्यांनी चौकशी केली, मुलगा कसा आहे? अण्णा गंभीरपणे म्हणाले, "स्वल्प डावीकडं झुकलाय. पण घटस्फोटित आहे, तुम्हाला चालेल?"

मी याच इमारतीत भाड्यानं राहते. लिफ्टचा नियम कायम करायचा की नाही, यावर येत्या रविवारी सोसायटीच्या सभेत मतदान आहे. भाडेकरूला मत नाही. लक्ष्मम्मांना तर नाहीच. मत फक्त मालकाला, किंवा मालकाचं पत्र हातात असलेल्याला. अण्णांकडं मुलाचं, नंदूचं, पत्र होतं.

नियमाच्या विरोधात मी काढलेलं पत्रक घेऊन त्यांच्याकडं गेले. अण्णांनी चष्मा चढवला. "लीडरबाई, एका पानात नऊ उद्गारचिन्हं? टिंकूनं एकात भागवलं असतं."

"अण्णा, मत देणार ना विरोधात?"

त्यांनी पत्र पुढं सरकवलं. नंदूनं स्वच्छ लिहिलं होतं: नियमाच्या बाजूनं मत द्यावं.

"पण टिंकू काय म्हणाला असता?" मी हट्टानं विचारलं.

"टिंकू? घरच्या मोलकरणीला पंक्तीत बसवल्याशिवाय जेवला नव्हता तो, दहा वर्षांचा असताना."

मला वाटलं, मिळालं! हा प्रसंग पत्रकावर घेऊ. दोन दिवस बसून मी मोबाइलवर मालिकेचे सगळे भाग पाहिले. असा प्रसंग कुठंच नव्हता. टिंकूनं उपास धरला होता तो जास्तीच्या बिस्किटांसाठी. मोलकरणीला तर तो बूट पुसायला लावतो.

मी तडक नवव्या मजल्यावर गेले. "अण्णा, तुमचा टिंकू लबाड आहे!"

अण्णा हसले नाहीत. "मालिकेत नसेल ते," ते म्हणाले. "बसवनगुडीच्या घरात झालं होतं. आमची मोलकरीण चंपक्का पाटावर बसली, तेव्हा कुठं नंदूनं पहिला घास घेतला."

"मग टिंकूचं नाव का लावता?"

"नंदूशी असलं बोलायला लागलो की तो म्हणतो, अप्पा, राजकारण नको, आणि फोन ठेवतो. टिंकू फोन ठेवत नाही."

मी म्हटलं, मग सभेत विरोधात हात वर करा, नंदूला कोण सांगणार आहे! अण्णा माझ्यावर भडकले. "पत्र त्याचं, मत त्याचं. चोरलेलं मत तुला हवंय?" आणि माझ्यासमोर त्यांनी फोन लावला.

"नंदू, तुझं पत्र मी सभेत देणार नाही. या नियमासाठी माझा हात वर होणार नाही. तुला तो हवा असेल तर दुसऱ्या कुणाला पत्र दे. मी लक्ष्मम्मांच्या शेजारी बसणार आहे. आणि चंपक्का आठवते का, एवढं सांग."

अण्णा फोन कानाला लावून उभे राहिले.

नंदूनं उत्तर काय दिलं, ते बापलेकांचं आहे. माझ्यापुरतं खरं एवढंच, की अण्णांचं मत आम्हाला मिळणार नाही. ते तुम्ही द्यायचंय. तुमच्या नावावर या इमारतीत फ्लॅट असेल तर रविवारी अकरा वाजता खाली या. दुसऱ्या इमारतीत असेल तर तिथली नोटीस आज वाचा. दूर देशी बसून पत्र लिहिणार असाल, तर आधी तुमच्या घरी पोळ्या लाटणारीला विचारा, ती वर कशी येते. आणि मग विरोधात मत द्या.