कैरोला पोचलेली दशमी

आमच्या शेजारच्या जमनामावशीची पुरणपोळी एकदा बगदादला नासली. मावशी मात्र खानदेशात, आमच्या रनाळ्यातच होती, आणि पोळीही.

लढाईचे दिवस होते. मावशीचा एकुलता एक मुलगा सुकलाल फौजेत लॉरी चालवायला गेला आणि थेट कैरोला जाऊन पोचला. माझे यजमान गावच्या शाळेत गुरुजी, त्यामुळे नकाशा आमच्या घरी. मावशी रोज सकाळी दारात हजर.

"गुरुजी, कराचीथून कैरो कितलं लांब शे?"

"सरळ रेषेत सव्वादोन हजार मैल, मावशी."

"सरळ कसं? पाखरू भी कोठे तरी बठस ना!"

मग यजमान कराचीहून सुटणाऱ्या विमानाचे मुक्काम सांगत. वाटेत बसरा, मग बगदाद, आणि दुसऱ्या दिवशी कैरो. मावशीला हे तोंडपाठ होतं. त्यांनी चुकून बसरा गाळलं तर तीच आठवण करून द्यायची.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण ती काहीही रांधलं की त्यातलं थोडं फडक्यात बांधून शिंक्यावर ठेवायची. विमान सुटलं! दुसऱ्या दिवशी ते गाठोडं आमच्यापुढे उघडायची.

"खाई देख वं, बाई."

चव चांगली निघाली की टाळी वाजवायची, "कैरोले पोचनी!" आंबूस लागली तर कपाळाला हात. "बगदादमाच नासी गई, माय!"

ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी दगड होऊन का होईना, पोचायची. दुधात पीठ मळून केलेली दशमी तर ऐटीत उतरायची. प्रवास तिच्या पदार्थांचा, पोटं मात्र आमची. वांग्याचं भरीत बसऱ्यालाही पोचलं नाही, आणि यजमानांना शाळा बुडवावी लागली.

त्या दिवशी ते चिडले. "मावशी, खरं सांगतो. आपलं गाठोडं विमानात कोणी घेणार नाही."

मला वाटलं, ही आता रडणार. ती फडक्याची घडी घालत म्हणाली, "माले माहीत शे, गुरुजी. मी काय येडी शे?"

"मग हे सगळं कशाला?" मी विचारलं.

तिनं घडी केलेलं फडकं कमरेला खोचलं. मग हळूच म्हणाली, "पोऱ्या गया, तशी एकलीसाठे चूल पेटाडाले मन व्हस नही. त्याले धाडनं शे असं मनले सांगं, का हात चालतस."

मी म्हटलं, "मावशी, उद्यापासून भाकरी तुम्ही आमच्याकडेच थापा. माझ्या काही धड गोल होत नाहीत."

दुसऱ्या दिवशी ती आली. माझी भाजी तिनं बेचव ठरवली, आणि दोनदा मागून घेतली.

लढाई संपल्यावर सुकलाल बोटीनं परतला. घराला कुलूप बघून तो आमच्या दारात येऊन उभा राहिला. मावशी तव्यापुढे होती. तिनं परात माझ्याकडे सरकवली, उठली, आणि पिठाच्या हातांनीच त्याचं तोंड कुरवाळत राहिली.