घोट्याखालची सहा बोटं

माणूस कमरेपासून घोट्यापर्यंत खासगी असतो आणि घोट्याच्या खाली सार्वजनिक. वरची भानगड शर्टात, पट्ट्यात, फार तर पोटात दडवता येते. पण पॅन्टचा खालचा काठ येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांच्या मालकीचा असतो. तो नीट असला तर कुणी बोलत नाही आणि नसला तर कुणी विसरत नाही.

पडेगावचे बद्रीनाथराव हे सगळं जाणून होते, कारण जीन्स घ्यायची की नाही या विषयावर त्यांनी तीन आठवडे विचार केला होता. वय बावन्न. नोकरी सरकारी, टेबल आवक-जावकचं. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, लेक लग्न होऊन नाशिकला. घरी ते आणि आई दगडाबाई. संध्याकाळी घरी आल्यावर 'आलात का?' म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. आई बोलायची, पण तिचं बोलणं 'दूध आणलं का?' इथंच संपायचं. हे त्यांना लई लागायचं. पण असल्या दुखण्याला विहित नमुना नसल्यामुळं अर्ज कुठं करावा ते कळत नव्हतं.

नमुना अखेर मिळाला. 'पुनर्विवाह परिचय मेळावा, रविवार, सकाळी अकरा, चहा-नाश्त्यासह.' बद्रीनाथरावांनी तो सुवाच्य अक्षरात, तीन प्रतींत भरला. वयाच्या रकान्यात सेहेचाळीस लिहिलं. (हे खोटं नव्हे. बायको गेल्यानंतरची सहा वर्षं आपण जगलोच नाही, तर ती मोजायची कशाला, असा त्यांचा सरळ मुद्दा होता. कार्यालयात यापेक्षा कच्च्या मुद्द्यांवर फायली मंजूर झालेल्या त्यांनी पाहिल्या होत्या.) कुणी चौकशीचा फोन केलाच तर म्हणून आईकडूनही हा आकडा पाठ करून घेतला.

शेजारच्या टेबलावरच्या काकासाहेबांनी मात्र त्रुटी काढली. "वरती सेहेचाळीस आणि खाली टेरीकॉटची पॅन्ट? असं चालतंय व्हय? जीन्स घाल. पायसुद्धा सेहेचाळीसचे दिसायला पाहिजेत."

म्हणून बद्रीनाथराव शनिवारी औरंगपुऱ्याच्या बाजारात गेले आणि डोक्यावरचं हेल्मेट न काढता त्यांनी जीन्स घेतली. घालून बघितली नाही. बघायला गेलं की हेल्मेट काढावं लागतं, आणि हेल्मेट काढलं की गावभर होतं. दुकानाच्या पायरीवर मशीन मांडून एक शिंपी बसला होता. "दस मिनट में छोटी कर देता, साब," तो म्हणाला. पण त्याच्यापुढं रांगेत त्यांच्याच कार्यालयाचा शिपाई उभा होता. बद्रीनाथराव तसेच मागं फिरले.

इथं रेडीमेड जीन्सचा गौरव केला पाहिजे. हे वस्त्र कुण्या एका उंच माणसासाठी शिवलेलं असतं. तो माणूस कुठं राहतो ते अद्याप कुणाला कळलेलं नाही, पण मराठवाड्यात नक्की राहत नाही. बद्रीनाथरावांनी दुकानाच्या दारात उभं राहून केलेल्या पाहणीनुसार (नमुना: अकरा माणसं) शंभरातल्या एक्क्याण्णव जणांची जीन्स बुटावर गोळा झालेली होती. उरलेला एक लुंगीत होता. तरीही मोठेपणा असा, की कंपनीला दोष कुणी देत नाही. सगळे आपल्या पायांनाच नावं ठेवतात.

घरी येऊन जीन्स चढवली, तर ती सहा बोटं जास्त. म्हणजे बद्रीनाथराव संपत होते आणि जीन्स पुढं चालूच होती.

गल्लीतल्या शिंप्याकडं जाण्याची सोय नव्हती. त्याच्या दुकानात टेपनं फक्त माप घेतात, बाकी सगळं तोंडानं कापतात. शेजारी आवडाबाईंकडं मशीन होती, पण आवडाबाईंना सांगणं आणि देवळाच्या भोंग्यावरून सांगणं यात फरक एवढाच, की भोंगा मध्येच बंद पडतो. तेव्हा काम घरीच करायचं ठरलं.

"कात्री दे, आई."

"कात्री? नवं कापड कुणी कापतंय व्हय? उद्या कमी पडलं म्हंजी?"

"आई, बावन्न वर्षांचा झालो मी. आता कुठं वाढतोय?"

"मंग कागदावर सेहेचाळीस का लिवलं?"

बद्रीनाथरावांनी कात्रीसाठी पुढं केलेला हात मागं घेतला. सहा बोटं न कापता आत दुमडायची, असा निर्णय एकमतानं झाला. (मत दगडाबाईंचं.)

जीन्सचं कापड टिकाऊ असतं असं जाहिरातीत म्हणतात ते अगदी खरं आहे. पहिल्या अर्ध्या तासात चार सुया मोडल्या, पाचवी वाकली आणि सहावी बद्रीनाथरावांच्या अंगठ्यात शिरली. जीन्सला ओरखडाही आला नाही. तेव्हा दगडाबाई उठल्या आणि माळ्यावरच्या डब्यातून पोती शिवायचं दाभण अन् सुतळीचा गुंडा घेऊन आल्या. गंगापूरकडं शेती होती तेव्हा तुरीच्या, ज्वारीच्या शेकडो पोत्यांची तोंडं त्यांनी शिवलेली. हात अजून विसरला नव्हता. सुतळी बुटाच्या नाडीसारखी दिसू नये म्हणून ती निळीच्या पाण्यात बुडवून काढली, ही त्यांची कलादृष्टी. दोन्ही पाय वीस मिनिटांत शिवून झाले. शेवटी सवयीप्रमाणं सुरगाठ मारली.

सुरगाठीचं कारण शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पोतं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात गेलं की काट्यावर ते एका हिसक्यात उघडलं पाहिजे. निरगाठ मारली की हमाल शिव्या देतो. दगडाबाईंनी उभ्या आयुष्यात हमालाची शिवी खाल्ली नव्हती आणि आता ऐंशीव्या वर्षी ती खायचा त्यांचा विचार नव्हता.

रविवारी अकरा वाजता बद्रीनाथराव छातीला सदतीस नंबरचा बिल्ला लावून मेळाव्यात बसले. व्यवस्था चोख होती. नंबर पुकारला की मंचावर जायचं आणि माइकवरून नाव, वय, नोकरी सांगून खाली यायचं. माणसाचं सगळं आयुष्य दोन मिनिटांत बसतं, हे संयोजकांनी अनुभवानं ठरवलेलं होतं. चहाच्या वेळी समोरच्या खुर्चीवर मंजुळाबाई येऊन बसल्या. बिल्ला एकेचाळीस, गंगापूरला पिठाची गिरणी, नवरा वारल्यावर एकटीनं चालवलेली.

"संध्याकाळी गिरणी बंद केली ना," त्या चहा ओतावा तसं सहज म्हणाल्या, "की लई शांत होतं. ते नाय सहन होत."

हीच बाई, असं बद्रीनाथरावांना आतून वाटलं, आणि आपण सेहेचाळीसचे दिसलोच पाहिजे या तळमळीनं त्यांनी पिक्चरमधल्या माणसासारखा एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर टाकला. जीन्सचा काठ मंजुळाबाईंच्या हाताशी आला. निळ्या सुतळीचं टोक बाहेर लोंबत होतं.

मंजुळाबाईंच्या मनात काही नव्हतं. पण दिवसाला वीस-पंचवीस पोती उघडणारा हात होता तो. सुरगाठ दिसली आणि हातानं हिसका दिला. सर्र करून सुतळी निघाली, सहा बोटं जीन्स बद्रीनाथरावांच्या बुटावर उतरली आणि बूट दिसेनासा झाला.

"अगं बाई! माफ करा हं," मंजुळाबाई म्हणाल्या. मग हातातल्या सुतळीकडं बघत राहिल्या. "ही तर पोत्याची शिवण हाये. कुणी केली?"

"आईनं."

"चांगली केलीय." त्यांनी वर बघितलं. "आणि वय? ते किती दुमडलंय?"

हॉलमध्ये पंखे फिरत होते. बद्रीनाथरावांना खोटं बोलायला पुरेसा वेळ होता, पण एका पायानं उघडं पडलेल्या माणसाला दुसरा पाय झाकून काय मिळणार?

"सहा," ते म्हणाले.

"माझी चार," मंजुळाबाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी गिरणीवर या. येताना दाभण आणा. निरगाठ मारून देते."

तेवढ्यात सदतीस नंबर पुकारला गेला. बद्रीनाथराव एक पाय आखूड, एक पाय लांब असे मंचावर चढले, लांब पायावर अडखळले, माइक धरून सावरले आणि म्हणाले, "बद्रीनाथ. वय बावन्न. फॉर्ममध्ये सेहेचाळीस आहे, ती दुरुस्ती करून घ्यावी."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मात्र पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत सगळ्यांनी आपापले पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले.

आणि वाचकहो, आत्ता हे वाचता वाचता तुम्हीही घेतलेत. आम्ही बघितलं. राहू द्या, तुम्हाला वय विचारत नाही.