प्राचार्यांच्या कोटातल्या सासूबाई

लोक माझ्याबद्दल काहीही बोलोत, पण वीस वर्षं माणसांचे चेहरे रंगवून पोट भरतोय आणि माझ्या एकाही चित्रासमोर उभं राहून कुणी "हे कोण?" असं विचारलेलं नाही. हे मी भेटेल त्याला सांगतो. न विचारता सांगतो.

म्हणूनच कॉलेजच्या प्राचार्यांचं चित्र माझ्याकडे आलं. ते पसंत पडलं तर सभागृहात लावायची आधीच्या नऊ प्राचार्यांची चित्रंही मलाच मिळणार होती. आता आमचे प्राचार्य म्हणजे गरीब गाय. दोनदा येऊन बसले, चेहरा देऊन गेले आणि "मीटिंग आहे हो" म्हणत अंगातला कोट माझ्याकडे सोडून गेले. यात नवल काही नाही. चेहरा गिऱ्हाइकाचा आणि हातपाय घरच्यांचे, हे आमच्या धंद्यात चालतंच. एरवी बायको बसते. पण तिला ऑफिस होतं आणि सासूबाई आठ दिवसांसाठी आल्या होत्या.

त्यांना कोट घालून खुर्चीत बसवलं.

"जावईबापू, हात असा ठेवू?"

"कसाही ठेवा. फक्त हलू नका."

"मी हलत नाही. तुम्हीच हलताय."

त्यांनी खुर्चीचा हात असा काही धरला, की मी नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं. जे दिसलं ते इमानेइतबारे रंगवलं. मग त्या खांद्यांवर प्राचार्यांचा चेहरा जरा बापुडवाणा वाटायला लागला, म्हणून मान थोडी ताठ केली. एक भुवई किंचित उचलली.

समारंभात पडदा सरकला आणि सभागृह चिडीचूप झालं. मागच्या रांगेतल्या एका प्राध्यापकाने मोबाइल खिशात टाकला. बायको माझ्या कानाशी लागली, "अहो, ही तर आई आहे." नऊच्या नऊ चित्रं हातातून गेली, असंच मी धरून चाललो.

"मी असा दिसतो?" प्राचार्यांनी हळूच विचारलं.

"नाही," त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "पण दिसायला हवे होतात. तीस वर्षं हेच सांगतेय."

संस्थेचे अध्यक्ष खूश झाले. म्हणाले, उरलेले नऊही अस्सेच हवेत. ते नऊ जण तर केव्हाच देवाघरी गेलेले. चेहरे फोटोंतून मिळाले, हातपाय कुठून आणणार? सासूबाईंचा मुक्काम आठ दिवसांवरून नऊ महिन्यांवर गेला.

दहाव्या महिन्यात, निरोपाची भेट म्हणून, मी त्यांचंच चित्र काढायला घेतलं. त्यांनी ठेवणीतले कपडे घातले आणि खुर्चीत बसून गोड हसल्या. दिसलं ते रंगवलं. अगदी हुबेहूब उतरलं, आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

संध्याकाळी बायको ऑफिसातून आली. खांद्यावरची पर्सही न काढता बराच वेळ चित्राकडे बघत राहिली.

"छान आहे," ती म्हणाली, "पण हे कोण?"

सासूबाईंनी शांतपणे चष्मा पुसला.

"असू दे. जावईबापू, दुसरं काढा. मला कुठे जायची घाई आहे?"