डॉक्टर बुर्बानोंचे सप्रमाण गुणवर्णन

रसायनशास्त्राचे ज्येष्ठ प्राध्यापक डॉक्टर लेओनिदास बुर्बानो पहाटे निवर्तले, आणि त्यांच्या अंत्यभाषणाचा भार विज्ञानशाखेला लेखन व वक्तृत्व शिकविणाऱ्या एलिएसेर चामोरो यांच्या मस्तकी आला. शवपेटीच्या लांबीविषयी खल चालला असतानाच अधिष्ठाता डॉक्टर सारामा यांनी त्यांना बाजूस घेतले.

"संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना झाली की तुमच्या पोरांपैकी कुणीतरी बोलायचं, चामोरो. लोकांना रडू फुटलं पाहिजे. नाही फुटलं तर तुमचा वर्ग बंद. त्या खोलीत मला शीतकपाटं ठेवायचीत."

"पण डॉक्टर, पोरं विज्ञानाची आहेत..."

"म्हणूनच म्हणतोय. इतकी वर्षं शिकवताय काय मग?"

चामोरोंचे केस पिकले होते, घरी अंथरुणाला खिळलेली आई होती, आणि या वयात त्यांना दुसरीकडे दारात उभे करणारे कोणी नव्हते. ते तडक वर्गात गेले. "ज्याच्या पाठीशी उभे राहता येणार नाही असा शब्द लिहू नये," हे व्रत त्यांनी विद्यार्थ्यांना परोपरीने सांगितले होते. आजवर ते कोणी मनावर घेतले नव्हते. नेमके त्या दिवशी सर्वांनी घेतले.

चामोरोंनी फळ्यावर आरंभ करून दिला : 'डॉक्टर बुर्बानो विद्यार्थ्यांवर पुत्रवत् प्रेम करीत.'

यामिले तुल्कानने हात वर केला. प्रेतावर येणाऱ्या माश्या हा तिच्या अभ्यासाचा विषय. "प्रोफे, पुरावा?"

"अगं, मेलेल्या माणसाचा पुरावा कसला मागतेस?"

"आमच्यात मेल्यावरच गोळा करतात."

"मला ते भर वर्गात गाढव म्हणाले होते," मागून फाबियान म्हणाला. "पुत्रवत् लिहायचं असेल तर आधी त्यांच्या पोरांना विचारायला लागेल."

मुले पुरावा शोधण्यास पांगली. दुपारी परतली तेव्हा कोपिष्टपणाचे दाखले मुबलक होते. दयेचा दाखला एकच : फाटकाशी एम्पानादाच्या तिखट करंज्या तळणाऱ्या बाईच्या शेगडीवर त्यांनी एकदा भर पावसात स्वतःची छत्री धरली होती.

"बाळांनो," चामोरोंनी हात जोडले, "थोडं तरी खोटं बोला!"

"प्रोफे, तुम्हीच तर..."

"माहितीये! निदान 'प्रेमळ' एवढं तरी म्हण गं यामिले. माझ्यासाठी."

"म्हणते," यामिले म्हणाली.

संध्याकाळी बुर्बानोंच्या घरी मेणबत्त्या तेवत होत्या, लिलीच्या फुलांचा उग्र दर्प कोंदला होता, आणि बडीशेपेच्या दारूचे पेले मूकपणे फिरत होते. जपमाळ आटोपली. यामिले शवपेटीच्या उशाशी उभी राहिली. तिची दृष्टी क्षणभर एका माशीकडे वळली. चामोरोंनी पवित्र कुमारी मातेचा धावा केला.

"डॉक्टर बुर्बानो प्रेमळ होते," ती म्हणाली.

चामोरोंचा जीव भांड्यात पडला.

"या विधानाला आम्हाला एकच साक्षीदार मिळाला. बाकीचे म्हणाले, ते ओरडायचे. एका साक्षीवरून निष्कर्ष काढता येत नाही. कुणाकडे आणखी असेल तर सांगा. पेटी सकाळपर्यंत उघडी आहे."

आणि ती खाली बसली.

मृताचे धाकटे बंधू उठल्यासारखे झाले, खोकले आणि पुन्हा बसले. जो तो आपल्या स्मृतीचा तळ ढवळत होता आणि रिक्तहस्त परतत होता. चामोरोंना डोळ्यांपुढे शीतकपाटे दिसू लागली.

तोच विधवा ओफेलियाबाईंनी डोक्यावरची काळी ओढणी मागे सारली. "पोरी, सकाळपासून मीपण तेच शोधतेय गं. उभा जन्म काढला याच्याबरोबर. मलाही एकच सापडलाय."

"कोणता?" यामिलेने हळूच विचारले.

"तो माझा मला राहू दे."

असे म्हणून ओफेलियाबाई त्या दिवशी प्रथमच रडल्या. त्यांच्यामागून सारे घर रडले. ते अश्रू बुर्बानोंसाठी होते असे म्हणवत नाही. प्रत्येक जण आपल्या पेटीच्या उशाशी कोण उभे राहील, हे मनात चाचपून पाहत असावा. सर्वांत मोठा हुंदका डॉक्टर सारामांचा होता.

निघताना त्यांनी चामोरोंचा दंड घट्ट धरला. "वर्ग चालू राहील."

"आभारी आहे, डॉक्टर."

"ते असू द्या. ती मुलगी... अजून किती वर्षं आहे इथं?"

"प्रबंध लांबलाय तिचा. बरीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी अधिष्ठाता महोदय विज्ञानशाखेच्या ओसरीत वाफाळत्या कॉफीचा पेला घेऊन तिष्ठत होते. यामिले येताच त्यांनी तो स्वहस्ते तिच्या हाती दिला आणि तेथेच घुटमळत राहिले.

"काही काम होतं का, डॉक्टर?"

"छे, छे. तू पी." त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि जिन्याकडे वळून हाक मारली, "अरे फाबियान, जरा इकडे येऊन उभा राहा बघू!"