उलट्या साखळीची करवत

खोकं उघडल्यावर थोरल्याने पहिली गोष्ट केली ती करवत तळहातावर तोलून पाहण्याची. कापड घेतानाही तो असंच करायचा.

"हलकी आहे," तो म्हणाला.

"स्वस्त आहे म्हणून हलकी आहे," त्याची बायको म्हणाली. "या किमतीत बरी कात्री तरी येते का, तुम्हीच सांगा."

तो शिंपी होता आणि कात्र्यांच्या किमती त्याला तोंडपाठ होत्या.

करवत म्हणजे बॅटरीवर चालणारी, वीतभर पट्टीची छोटी चेनसॉ. जाहिरातीत एक बाई हसत हसत एका हाताने ओंडके कापत होती. थोरल्याला ओंडके नकोच होते, त्याला एक फांदी कापायची होती.

फांदी धाकट्या भावाच्या झाडाची. वडिलांनी घराचे दोन सारखे भाग केले, अंगणात कमरेएवढी भिंत घातली आणि झाड धाकट्याच्या वाट्याला गेलं. झाडाला मात्र ही वाटणी कुणी समजावून सांगितली नव्हती. त्याची एक जाडजूड फांदी भिंत ओलांडून थोरल्याच्या स्कूटरवरच्या पत्र्याच्या छपरावर टेकली होती आणि वारा सुटला की पत्रा खरवडत बसायची. "फांदी काप," थोरला म्हणाला. "त्रास तुला होतो तर तू काप," धाकटा म्हणाला. मग दोघं आणखी बरंच काही बोलले, ज्याचा फांदीशी काही संबंध नव्हता, आणि तेव्हापासून त्यांच्यात अबोला होता. जावाजावांचं मात्र छान चाललं होतं. भावांचे निरोप त्याच इकडून तिकडे पोचवत, आणि पोचवताना त्यातले तिखट शब्द गाळून टाकत.

सुट्टीचा दिवस होता. थोरल्याने अंगणात पाटावर टेबलाचा एक मोडका पाय ठेवला आणि करवतीचा खटका दाबला. करवत ओरडली जोरात, पण कापायचं नाव नाही. थोड्या वेळाने धूर निघाला आणि लाकडावर एक तपकिरी पट्टा उमटला, गरम इस्त्री विसरल्यावर उमटतो तसा. त्याने माहितीपत्रक उघडलं. त्यात चित्रं भरपूर होती, फक्त ती दुसऱ्याच कुठल्या तरी करवतीची होती.

भिंतीपलीकडे धाकटा झाडांना पाणी घालत होता. एकाच कुंडीत तो मघापासून पाणी ओतत होता. अखेर त्याला राहवलं नाही.

"अगं ऐकलंस का," तो मोठ्याने म्हणाला, "काही लोक साखळी उलटी बसवतात आणि लाकडाला मालिश करत बसतात."

त्याची बायको तेव्हा घरात नव्हतीच.

"त्यांना सांग," थोरला आपल्या बायकोला म्हणाला, "ती कारखान्यातूनच उलटी आली आहे."

"भाऊजी तीन हातांवर उभे आहेत. तुमचं तुम्ही सांगा. माझी भाजी करपतेय," असं म्हणून ती आत निघून गेली.

आता निरोप न्यायला कुणी उरलं नाही. दोघं भाऊ, मधे भिंत आणि पाटावर धुरकटलेला टेबलाचा पाय. थोरला करवत उलटीसुलटी करून पाहत राहिला. "आता हिचं झाकण कसं उघडायचं," तो करवतीलाच विचारल्यासारखं म्हणाला. भिंतीवरून एक हात आला. हातात स्क्रूड्रायव्हर होता, पण काडेपेटीतल्या काडीएवढा. धाकट्याचं चष्म्याचं दुकान होतं.

"याने चष्मा उघडतो," थोरला म्हणाला.

"तुझ्याकडे काय आहे? बॉबिन?"

हे पहिलं सरळ वाक्य होतं. बोलून झाल्यावर ते दोघांच्याही लक्षात आलं, पण कुणी तसं दाखवलं नाही. धाकटा भिंत ओलांडून आला आणि पाटाशेजारी उकिडवा बसला.

साखळीचे दाते खरंच उलट्या दिशेला होते. ती सुलटी बसवली, तर करवत लोण्यातून जावी तशी लाकडात शिरली आणि मध्यावर साखळी निसटून खाली पडली. धाकट्याचं निदान असं की पट्टी सैल आहे. थोरल्याने जुन्या पट्ट्याचं चामडं गोल कापून वायसर केला आणि खाली सरकवला. साखळी टिकली, पण तापू लागली, कारण तिला तेल देण्याची काही सोयच त्या स्वस्त यंत्रात नव्हती. थोरल्याने शिलाई मशीनचं तेल आणलं. धाकट्याने डोळ्यांत औषध घालायची रिकामी बाटली आणली. ती इलॅस्टिकने करवतीच्या पाठीवर बांधली, तेव्हा थेंब थेंब तेल बरोबर पट्टीवर पडू लागलं. दोघांनी मागे सरकून ते कौतुकाने पाहिलं.

पाहताना थोरल्याने नाकावरचा चष्मा सावरला. चष्म्याची एक काडी काळ्या दोऱ्याने गुंडाळून बांधलेली होती.

"हे काय आहे?" धाकट्याने विचारलं.

"कच्ची टीप."

"कधीपासून?"

थोरला तेलाची बाटली उगाचच घट्ट करू लागला.

"दुसऱ्या दुकानात जायचं होतंस."

"दुसऱ्या दुकानात कशाला जाऊ?" थोरला चिडून म्हणाला.

धाकट्याने त्याच्या नाकावरून चष्मा काढला, दोरा सोडवला आणि खिशातल्या डबीतून मोहरीएवढा स्क्रू काढून बसवला. बसवायला त्याला जरा जास्तच वेळ लागला. चष्मा परत डोळ्यांवर ठेवून तो खाकरला आणि म्हणाला, "हं. आता फांदीपर्यंत हात कसा पोचवायचा?"

थोरल्याने दुकानातल्या ट्रायल रूमच्या पडद्याची दांडी काढून आणली. करवत दांडीच्या टोकाला बांधली. पण ती चालवायला दोन बटणं एकदम दाबावी लागत, आणि ती आता डोक्यावर गेली होती. एक बटण इलॅस्टिकने कायमचं दाबून टाकलं, दुसऱ्याला लेंग्याची नाडी बांधून ती खाली सोडली. धाकट्याने दुकानातून पारदर्शक चष्मे आणले. ते घालून थोरल्याने दांडी धरली, धाकट्याने नाडी ओढली.

करवत फांदीत शिरली. भुसा उडाला. "तेल पडतंय का?" थोरल्याने विचारलं. "पडतंय. एकेक थेंब. काय सुंदर पडतंय," धाकटा म्हणाला. दोघांचेही डोळे त्या बाटलीला खिळले होते, त्यामुळे फांदीला पलीकडून बांधलेली दोरी त्यांना दिसलीच नाही. जावांनी दोन्ही अंगणांत मिळून एकच वाळवणाची दोरी बांधली होती आणि सकाळीच दोन्ही घरांच्या चादरी धुऊन तिच्यावर घातल्या होत्या.

फांदी कडाडली, पत्र्यापासून हातभर लांब अगदी नेमकी उतरली, आणि जाताना दोरी, चादरी आणि अभ्रे सगळं बरोबर घेऊन गेली. तिच्यामागोमाग दांडी आडवी झाली. नाडी सुटून करवत थांबली, तेलाची बाटली तेवढी एका पांढऱ्या चादरीवर उताणी पडली.

धाकटी जाऊ नेमकी तेव्हाच फाटकातून आत आली. थोरली कालथा हातात घेऊन बाहेर आली. दोघींनी चादरींकडे पाहिलं, मग एकमेकींकडे, मग चष्मे घातलेल्या दोघांकडे.

"फांदी निघाली," थोरला हळूच म्हणाला.

"तुमचं बोलणं सुरू झालं वाटतं," थोरली जाऊ म्हणाली. "बरं झालं. मग बोलत बोलत धुवा."

घंगाळ अंगणाच्या मधोमध आलं. दोघं भाऊ बाह्या सरसावून समोरासमोर बसले. तेलाचा डाग साबणाने जाईना. एक चादर पिळताना थोरल्याने एक टोक धरलं, धाकट्याने दुसरं, आणि दोघांनी एकाच दिशेने पिळल्यामुळे पाण्याचा थेंबही गळला नाही. जावा पायरीवर बसून चहा पीत होत्या. त्यांनी यावर काही सल्ला दिला नाही.

"दादा," धाकटा हात थांबवून म्हणाला, "ही मोटर ताकदीची आहे. पट्टी काढून टाकली आणि खाली लाकडाची पाती लावली, तर ती घंगाळात—"

"पाती टेबलाच्या पायाची," थोरला लगेच म्हणाला. "अर्धा कापून तयारच आहे."

दोघांनी ओले हात पुसले आणि वळून पाहिलं. करवत भिंतीवर ठेवलेली होती, पण तिच्यातली बॅटरी नव्हती.

"वहिनी," धाकटा शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाला, "बॅटरी पाहिलीत का?"

"पाहिली ना," थोरली जाऊ चहाचा घोट घेत म्हणाली. "आधी अभ्रे."